पळसाच्या पानांची मयत

अंदमानात मातीची घागर सहजासहजी मिळत नाही. निळे ड्रम मिळतात, स्टीलच्या कळशा मिळतात, बाटलीतलं पाणी तर गल्लोगल्ली. म्हणून त्या सकाळी घरमालकिणीच्या ओसरीवर तीन बुटक्या घागरी ओळीनं मांडलेल्या दिसल्या, तेव्हा कामावर निघालेला मी तसाच थांबलो. घागरींखाली मूठमूठ तांदूळ, गळ्याला कच्च्या सुताचा दोरा, आणि प्रत्येकीच्या तोंडावर एक लहानशी पपई. आमच्याकडं खरबूज ठेवतात. मोबाईलमध्ये तिथी पाहिली तर आखाजी होती.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. शहरात त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात मेलेल्यांना पाणी पाजतात. घरातून जे गेले त्यांच्या नावानं एकेक घागर भरायची. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असेल, एवढा साधा विचार.

घरमालकीण ऐंशी पार केलेली बाई. सगळी वस्ती तिला नानी म्हणायची, मीही तेच म्हणायचो. ती हिंदीत बोलायची, मी इथं मराठीत लिहितो.

"नानी, ही घागर तुमच्यात कुठून आली?"

"आजोबा घेऊन आला. त्याला शिक्षा होऊन इकडं पाठवला होता. सुटला, पण परत गेला नाही. मुलुख विचारला की एकच शब्द सांगायचा, खामगाव."

माझं खेडं धामणगाव बढ्याजवळ, मोताळा तालुक्यात. लहानपणी बापासोबत मी खामगावच्या बाजारात कितीदा गेलोय. मी तिच्या घरात सहा वर्षं राहत होतो, एरवी उजाडायच्या आत कामाला जायचो, आणि आम्ही एकाच मुलुखाचे आहोत हे एका पपईवरून समजलं.

खरं तर मला आधीच समजायला हवं होतं. त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी एका हॉटेलच्या न्हाणीघरात टाइल बसवत होतो आणि दुपारी घरून फोन आला, बाप गेला. आषाढ होता. समुद्र खवळलेला, जहाज बंद, विमान अर्ध्यातून परत फिरलेलं. मयत किती ठेवणार? चुलतभावानं अग्नी दिला. त्यानं मला व्हिडिओ पाठवला, तो चार खांद्यांवर तिरडी उचलली जाते तिथंच अडकला, पुढं सरकेना. मी फोन हातात धरून खोलीत बसलो होतो. तेव्हा नानी झाकलेलं ताट घेऊन आली. भात आणि फोडणी न दिलेलं मसुरीचं वरण.

"खा," ती म्हणाली. "आज तुझ्या घरी चूल पेटत नसते. आज दुसऱ्याच्या घरचं खायचं."

याला आम्ही कडू घास म्हणतो. मयत झालेल्या घरातल्यांना शेजारी, सोयरे पहिला घास भरवतात. तो खाल्ला की माणूस गेला हे घर मान्य करतं. त्या दिवशी तिनं मला समोर बसून खायला लावलं. घास उतरत नव्हता तर पाठीवरून हात फिरवत राहिली. हे मी जन्मात विसरणार नाही. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, मला आभार मानता येत नाहीत, शब्द जुळत नाहीत. त्यात काळजी हा माझा जुना आजार. गॅस बंद केला का हे पाहायला मी रस्त्यातून परत येतो. मायचा फोन दोनदा वाजून बंद झाला की तिला काय झालं असेल ते सगळं मनात होऊन जातं. आणि बाप गेल्यापासून एक नवीच भीती बसली होती. मी इथंच मेलो, तर मला उचलायला चार माणसं कुठून येणार?

तर त्या आखाजीला मी विचारलं, "तीनच घागरी?"

"आजोबाची, आजीची, आईची."

"बापाची?"

नानी बराच वेळ पपईवरची माती पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याची आईनं कधी भरली नाही."

मग ती बोलली. एका दिवसात नाही, पुढं कितीतरी दिवस, तुकड्यातुकड्यानं. मी ते जोडून सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य अंदमानात आलं तेव्हा ती खूप लहान होती. आधी सैनिकांनी मुलांना गोळ्या वाटल्या. मग कोंबड्या नेल्या, मग तांदूळ. मग माणसं नेऊ लागले. तुम्ही इंग्रजांना खबर देता, म्हणायचे. नेलेल्यातला एखादा परत आला तर त्याची नखं नसायची. कोणी मेलं तर रडायचं नाही, कारण रडणाऱ्याचंही नाव यादीत जायचं. मयतीला गर्दी करायची नाही. जे गेले ते असेच, बिनआवाजाचे. तिच्या बापाला थोडं लिहितावाचता यायचं. शेजाऱ्यांची पत्रं वाचून दाखवायचा, म्हणून सगळे त्याला मुन्शी म्हणायचे.

लढाई संपायला आली तेव्हा बेटावर खायला काही उरलं नव्हतं. एका पावसाळी दिवशी बऱ्याच लोकांना धक्क्यावर बोलावलं. दुसऱ्या बेटावर चांगली जमीन आहे, तिथं नेतो, पिकवा आणि खा, असं सांगितलं. बापाला खरं वाटलं. त्यानं फावडं घासून धुतलं. नानीला म्हणाला, जमीन मिळाली की तुम्हाला न्यायला येतो. फावडं खांद्यावर टाकून तो होडीत चढला.

जमीन दिलीच नाही. किनारा लांब असतानाच लोकांना समुद्रात उतरवलं. जपानी गेल्यावर, त्यातून वाचून परतलेल्या एका माणसानं हे तिच्या आईला सांगितलं. आई त्याला म्हणाली, "त्यांना पोहता येतं." एवढंच. त्यानंतर तिनं कुंकू पुसलं नाही, तेराव्याचं नाव काढलं नाही, आणि घागर भरली नाही. आई मेली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं.

"घागर भरायची तर आधी मयत करावी लागते," नानी म्हणाली. "आम्ही केलीच नाही. तिकडं स्मारक आहे, दरवर्षी मोठे लोक फुलं वाहतात. मी एकदा गेले. दगडावर नावं होती. पण माझ्या बापाचं नाव काय, मलाच माहीत नाही. आई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. मी बाबा म्हणायचे, लोक मुन्शी. कागद होते ते जळले. दगडासमोर उभी राहून मी कुठलं नाव वाचू?"

मग तिनं एक गोष्ट विचारली. फार हळू, जणू उसनी साखर मागतेय.

"समुद्रात मेलेला माणूस तहानलेलाच मरतो ना रे? सगळीकडं पाणी, पण खारं. माझ्यामागं कोणी नाही. मी गेल्यावर त्याला गोडं पाणी कोण देईल?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी बोलून गेलो. "नानी, आमच्याकडं ज्याचा देह सापडत नाही त्याची पळसाच्या पानांची मयत करतात. पानांचा पुतळा बांधून त्याला अग्नी देतात. मी करतो. पुढच्या आखाजीच्या आत करतो."

बोललो आणि त्याच मिनिटाला काळजी सुरू झाली.

*

पुढच्या चैत्रात मलकापूर स्टेशनला उतरलो. गावात पोचलो तेव्हा पळस लालेलाल होता, आणि पान एकही नव्हतं. हे मला कळायला हवं होतं. पळस फुलतो तेव्हा पानं झडलेली असतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत. मी इतकी वर्षं नारळात राहून विसरलो. वावराच्या कडेनं फिरून पाहिलं, पोपटी कोवळी पालवी, बोटभर. पुतळ्याला तीनशे साठ पानं लागतात असं गावचे महाराज, म्हणजे आमचे भटजी, म्हणाले होते.

"पालवीची मयत करतं का बे?" माय म्हणाली. "तान्ह्या लेकराची वाटन."

शेजारच्या मावशीकडं पळसाच्या पानांची जुनी गड्डी निघाली. ती आधी पत्रावळ्या लावायची. थर्माकोलची ताटं आल्यापासून तिच्या पत्रावळ्या कोणी घेत नाही, पण पानं तिनं माळ्यावर तशीच दाबून ठेवली होती. दोघींनी ती पाण्यात भिजवून एकेक मोजली.

"नाव काय मुर्द्याचं?" मावशीनं विचारलं.

"मालूम नाही."

"मंग रडू कसं मी? नाव घेतल्याबगर रडता येत नाही मले."

महाराजांनाही मी हेच घाबरत सांगितलं. नाव नाही, गोत्र नाही, तिथी नाही. ते म्हणाले, "ज्याचं कोणीच नाही अन् नावही नाही, त्यालेही पाणी द्यायची सोय हाय शास्त्रात. त्याची काळजी तू नको करू. माणसं जमव."

माणसं जमवणंच अवघड होतं. मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अंगणात बाजेवर बसले होते. आमची भावकी त्यांच्या शब्दावर चालते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही.

"जात कोणती?"

"मालूम नाही."

"नाव?"

"मालूम नाही."

"अन् मेला कधी?"

"जपानच्या लढाईत."

"म्हंजे मी जल्मायच्या आंधी. अन् त्याचं सुतक तू आता घरात आणून राह्यला? वैशाखात मह्या नातीचं लगन हाय, मालूम हाय ना तुले?" मग त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि जे म्हणाले ते आजही कानात आहे. "बापाच्या मैतीले आला नाही, अन् पानाच्या मुर्द्याले बरा आला."

अंगणात दोघंतिघं बसले होते. कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. मी उठून आलो.

सुतक भावकीला लागणार नाही, फक्त अग्नी देणाऱ्याला लागेल, असं महाराजांनी मोठेबाबांना जाऊन सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, एवढंच. येतो म्हणाले नाहीत. ते नाहीत म्हणून भावकीतलं कोणीच नाही.

जागेचाही प्रश्न होता. गावातली मसणवाट ज्याची त्याची वेगळी. बिनजातीचा माणूस कुठं न्यायचा? मायनं तो एका वाक्यात संपवला. "आपल्या वावरात. तुह्या बापाले जिथं जाळलं तिथंच, धुऱ्यापाशी. माह्या वावरात मले कोण हटकते?"

ठरलेल्या दिवशी सकाळी मी माणसं मोजत होतो. मी एक. उस्ताद दोन. उस्ताद म्हणजे धामणगावचे मुसलमान मिस्त्री, शाळा सोडल्यावर ज्यांच्या हाताखाली मी टाइलचं काम शिकलो. मावशीचा मुलगा, ऑटो चालवतो, तो तीन. चौथा कोण? चौथ्याचा पत्ता नव्हता.

मायनं गॅस पेटवला नाही. चहासुद्धा नाही. भिंतीपलीकडून कोणीतरी ओरडलं, "काऊन वं, आज कुकर नाही लावला?"

"घरात मयत हाय," माय म्हणाली. आवाज असा की जणू खरंच आत कोणीतरी निजलं आहे. पलीकडचा मिक्सर बंद झाला.

उस्ताद मोटारसायकलवर बांबू बांधून आले. मी त्यांना फक्त या म्हणालो होतो. त्यांनी तिरडी बांधायलाच घेतली.

"उस्ताद, तुम्ही काऊन?"

"अरे, जिंदगीभर सेंटरिंगचे बांबू बांधले मैंने. हे तर मामुली काम." गाठ दातांनी ओढत ते म्हणाले, "हमारे में कहते हैं, जनाजा दिखा तो चाळीस कदम तरी खांदा द्यायचा. पहचान का हो, न हो. हा तर मह्या शागिर्दाच्या घरचा हाय."

महाराजांनी पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ, अंगाला पळसाची पानं, दोऱ्यानं बांधलेली. वरून पांढरं कापड. कापड ओढल्यावर तो माणसासारखा दिसू लागला. मावशीनं हुंदका दिला. नाव घेतल्याशिवाय रडता येत नाही म्हणणारी मावशी "मुन्शीबुवा, पोरीले सोडून कुठं गेले हो" म्हणून रडली. मी तिला मुन्शी हा शब्द कधी सांगितला होता आठवत नाही. मायनं सांगितला असेल.

उचलायची वेळ आली. आम्ही तिघं तीन कोपऱ्यांना. चौथा कोपरा जमिनीवर. गल्लीत दारादारात लोक उभे होते, पण पायरी उतरून कोणी येत नव्हतं. त्यात वाईटपणा नव्हता. कोणाच्या मयतीला जायचं हे जात, भावकी, सोयरिक यावरून ठरतं. इथं काहीच नव्हतं. नुसताच माणूस होता, तोही पानांचा.

माय पुढं झाली, पदर खोचला आणि चौथा कोपरा धरला.

"माय, बायामाणसं..."

"उचल गुमान."

उचलली. आणि आम्ही चौघंही झोकांडलो. खांद्यानं वजनाची तयारी केलेली असते, आणि वजनच नव्हतं. मेलेला माणूस जड होतो म्हणतात. हा इतका हलका होता की मला रडू फुटलं. इतकी वर्षं पाण्यात राहिलेला माणूस, त्याचं काय वजन उरणार? माझ्या बापाची तिरडी किती जड झाली असेल, ते मला कधीच कळणार नाही, हेही तेव्हाच मनात आलं.

गावाबाहेर निंबाच्या झाडाखाली विसावा असतो. तिथं तिरडी खाली ठेवायची, खांदे बदलायचे आणि पुढं जायचं. तिथं पोचलो तर मोठेबाबा उभे. डोक्याला दुपट्टा, हातात काठी. मागं भावकीतले दहाबारा जण. मला वाटलं अडवायला आले. आम्ही तिरडी खाली ठेवली.

मोठेबाबांनी तिरडीकडं पाहिलं. माय आमच्याकडच्या रिवाजानं त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बाजूला वळली. जेठ, म्हणजे थोरला दीर, भावसुनेशी थेट बोलत नाही. ते मला म्हणाले, "तुह्या मायले सांग, सोड म्हणा आता. उंची सारखी नाही तुमची. मुर्दा वाकडा चालून राह्यला मघापासून. दुरून पाहून राह्यलो मी."

माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याईले सांग, लवकर आले."

मोठेबाबा ऐकून न ऐकल्यासारखे वाकले आणि चौथा कोपरा धरला. पुढं वावरापर्यंत त्यांनी तो सोडला नाही. सत्तर ओलांडलेला माणूस.

अग्नी मी दिला. पानं ती, भर्रकन पेटली. दहा मिनिटांत सगळं खाली बसलं. आता पंचाईत अशी की मयतीला आलेला माणूस कवटी फुटेपर्यंत उठत नाही. इथं नारळ कधीच फुटून गेला होता. लोक एकमेकांकडं पाहू लागले. उठावं का?

"बसा," मोठेबाबा म्हणाले. "माणूस जळाले जेवढा टाइम लागते तेवढा टाइम बसा. एवढ्या लांबून आला तो."

आणि सगळे बसले. भर उन्हात, धुऱ्यावरच्या बोरीच्या तुटपुंज्या सावलीत, थंड होत चाललेल्या राखेसमोर. कपाशीचं बोलले, लग्नाच्या मांडवाचं बोलले. मग कोणीतरी माझ्या बापाची गोष्ट काढली, तो बैलाला शिव्या देऊन मग त्याचीच माफी मागायचा ती. हसले. मग मोठेबाबा, माझ्याकडं न पाहता, काठीनं माती उकरत म्हणाले, "तुह्या बापाची मैत नेली तवा पाऊस होता. लाकडं ओली. लय वेळ लागला. तू नव्हता ते बरंच झालं. तुह्याच्यानं पाहवलं नसतं." त्या दिवशी अंगणात जे बोलले होते, ते त्यांनी असं परत घेतलं. मी मान हलवली.

घरी आलो तर दारात मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, टोपली घेऊन उभी. पिठलं आणि भाकर. कडू घास. तिनं पहिला मायला भरवला, मग मला. गावानं मुन्शी मेल्याचं मान्य केलं.

घास तोंडात होता आणि मला नानी आठवली. मी लगेच फोन लावला.

"झालं नानी."

तिनं विचारलं, "खांदा द्यायला होते का चार?"

"चार होते. मागं दहाबारा."

"रडलं का कोणी?"

"रडले."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं, नानी. भर गल्लीत."

मी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"सकाळपासून चूल पेटवली नाही मी. आज पेटवायची नसते ना."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पानांची काळजी केली, माणसांची केली, सुतकाची केली, पण ज्या बाईनं मला कडू घास दिला, तिला आज तो कोण देणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एवढा काळजीखोर माणूस मी, आणि हेच विसरलो. तिला मुलबाळ नाही, भाऊबंद नाही. ती एकटी थंड चुलीसमोर बसून होती, आणि दुपार कलली होती.

माझ्यासोबत काम करणारा एक बंगाली पेंटर आहे, जवळच राहतो. त्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या घरी जे शिजलं असेल ते घे, नानीकडं जा, समोर बसून खाऊ घाल. तिच्या घरी मयत झाली आहे.

"कोण गेलं?" त्यानं घाबरून विचारलं.

"तिचा बाप."

तो म्हणाला, "दादा, तिचा बाप? तो आजपर्यंत होता?"

"हो," मी म्हणालो. "आजपर्यंत होता."

तो गेला. भात आणि डाळ घेऊन गेला. नंतर त्यानं सांगितलं, पहिला घास त्याच्या बायकोनं भरवला तेव्हा नानी लहान पोरीसारखी रडली आणि म्हणाली, आज मी पोरकी झाले.

*

तिसऱ्या दिवशी राख सावडली. मूठभरच होती, पानांची ती. मोठेबाबा म्हणाले, नळगंगा नदीत शिरवून येऊ. तशीच रीत आहे. पण माझं मन धजेना. मी धुऱ्यावरूनच नानीला फोन लावला.

"पाण्यात नको," ती एकदम म्हणाली. इतक्या कडक आवाजात ती कधी बोलली नव्हती. "पाण्यात फार राहिला तो. जमीन देतो म्हणून नेलं होतं ना त्याला? मग जमिनीत ठेव."

मी फोन कानावरून काढून मोठेबाबांना सांगितलं. ते थोडा वेळ नदीच्या दिशेला पाहत उभे राहिले. मग धोतर सावरून खाली बसले, कुदळ मागितली, आणि धुऱ्याला, माझ्या बापाच्या जागेपासून दोन हातांवर, स्वतः खड्डा केला.

"हा धुरा आता कोणी कोरायचा नाही," एवढंच म्हणाले. धुरा, म्हणजे बांध, कोरून जमीन सरकवण्यावरून त्यांचं आणि माझ्या बापाचं वीस वर्षं भांडण होतं.

तेरवी झाली आणि आखाजी आली. मी अजून गावातच होतो. मायनं बापाच्या घागरीशेजारी आणखी एक मांडली, खरबूज ठेवलं. पेंटरनं तिकडून व्हिडिओ लावला. या वेळी अडकला नाही. नानीच्या ओसरीवर चार घागरी होत्या. तीन तिनं झरझर भरल्या. चौथीशी थांबली. ऐंशी वर्षं जी घागर आधी आईनं आणि मग तिनं भरली नव्हती, ती आता भरायची होती.

"बाबा," ती म्हणाली. तेवढंच नाव होतं तिच्याकडं.

आणि ओतू लागली. घागर गळ्यापर्यंत आली, काठाला आली, पाणी तांदळावरून ओसरीभर झालं.

"नानी, भरली," पेंटर म्हणाला. "बस झालं."

"थांब," ती म्हणाली. "पिऊ दे त्याला."